गाळप हंगाम, मोबाइल आणि समाजशास्त्राची ओळख : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या ठिकाणचे हे महाविद्यालय. गाव, संस्था आणि माणसे ओळखू येतील असे तपशील इथून काढले आहेत. घटनांचा क्रम तसाच ठेवला आहे. बी. ए.च्या पहिल्या वर्षाला समाजशास्त्राची ओळख करून देणारा पेपर आहे. पटावर शंभराच्या आसपास नावे. जुलैत बाकांवर जागा मिळत नाही आणि दसरा सरला की वर्ग रिकामा होऊ लागतो, कारण साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होतो. ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. काही विद्यार्थी आईवडिलांबरोबर फडावर जातात, काही जण मागे राहून आजीआजोबा, धाकटी भावंडे आणि गुरे सांभाळतात. दोन्हीकडे कॉलेज सुटतेच.

या मुलांचे वर्ष वाया जाऊ नये म्हणून ऑनलाइन शिक्षणाचा विचार पुढे आला. तशी सोय आता नवी नाही. केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ २०१७ पासून सुरू आहे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम अशा मार्गाने पूर्ण करता येतात. या महाविद्यालयाने मात्र एक तयार ‘परस्परसंवादी’ पाठमाला घेतली. आठ-दहा मिनिटांचे व्हिडिओ, व्हिडिओ मध्येच थांबून विचारलेला प्रश्न, शब्द बोटाने ओढून लावायच्या जोड्या, शेवटी चाचणी. पाठ संपला की नावापुढे हिरवी खूण. भाषा मराठी होती आणि चित्रे नीटनेटकी होती. विषय शिकवणाऱ्या प्राध्यापिकांना, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत मॅडमना, सुरुवातीला त्यात खोट काढण्यासारखे काही दिसले नाही.

अडचण नेमकी कुठे होती

पहिल्या दोन घटकांना बहुतेकांच्या नावापुढे हिरव्या खुणा लागल्या. मग मॅडमनी अंतर्गत चाचणीत एक साधा प्रश्न घातला : तुमच्या घरातील कोणत्याही एका व्यक्तीचे उदाहरण घेऊन दर्जा आणि भूमिका यांतील फरक स्पष्ट करा. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात पानोपानी तेच उदाहरण आले, ‘डॉक्टर हा दर्जा आणि रुग्ण तपासणे ही भूमिका’. व्हिडिओतले जसेच्या तसे. ज्यांच्या घरात डॉक्टर असण्याची शक्यता नव्हती त्यांनीही तेच लिहिले होते.

मॅडमनी विद्यार्थ्यांशी बोलून शोध घेतला तेव्हा काही गोष्टी लगेच कळल्या. चाचणीच्या उत्तरांचे स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर फिरत होते. बऱ्याच मुलींकडे स्वतःचा फोन नव्हता. भाऊ रात्री घरी आला की त्याचा फोन मिळायचा आणि तेव्हा दिवसाचा डेटा संपलेला असायचा. देशपातळीवरही चित्र असेच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण ३३ टक्के, तर पुरुषांचे ५७ टक्के होते.

या दोन्ही अडचणी खऱ्या होत्या, पण त्या दूर झाल्या असत्या तरी ‘डॉक्टर’ गेला नसता, असे मला वाटते. पाठमालेतल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर पाठमालेतच होते. विद्यार्थ्याला स्वतःच्या घराकडे, गल्लीकडे, टोळीकडे मान वळवून पाहावे लागेल असा एकही प्रश्न तिच्यात नव्हता. रसायनशास्त्रात हे एक वेळ चालेल. समाजशास्त्रात विद्यार्थी ज्या घरातून उठून आला ते घरच अभ्यासाचा विषय असते. ते बाहेर ठेवले की उरतात त्या व्याख्या.

समोरचे पर्याय

प्राचार्यांच्या दालनात यावर बैठक झाली. ऑनलाइन बंद करून पुन्हा खडू-फळ्याकडे जावे, हा पहिला विचार. तो मोडीत निघायला वेळ लागला नाही : फडावर गेलेल्या मुलांसाठी ते म्हणजे नाव काढून टाकण्यासारखेच होते. संगणक विभागाच्या सरांनी सुचवले की प्रश्नपेढी मोठी करावी, प्रत्येकाला वेगळे प्रश्न पडावेत आणि वेळेची मर्यादा घालावी. कॉपी त्याने थांबली असती. पण ज्या मुलीला फोन रात्री अर्धा तास मिळतो तिला घड्याळ लावून अडवायचे, यात अन्याय होता, आणि मूळ दुखणे तसेच राहिले असते.

संध्याकाळी थेट व्हिडिओ तास घ्यावेत, असेही निघाले. एकदा करून पाहिले. ज्यांच्याकडे चांगला फोन आणि स्वतंत्र खोली होती तेवढेच बोलले.

शेवटचा पर्याय मॅडमनी स्वतः मांडला. व्हिडिओ ज्याला हवे त्याने पाहावेत, पण गुण हिरव्या खुणेला नकोत. दर घटकाला एकच काम द्यायचे : घरी किंवा कामाच्या जागी काही तरी बघायचे, मोजायचे किंवा विचारायचे, ते कागदावर लिहायचे आणि फोटो किंवा आवाजी संदेश पाठवायचा. सगळ्यांची माहिती एकत्र करून मॅडम तिचा आलेख गटावर टाकतील आणि चर्चा त्या आलेखावर होईल. डेटा कमी लागेल, वेळेचे बंधन नसेल. आक्षेप एकच होता, पण वजनदार : शंभर मुलांचे वाचायचे कोणी आणि कधी? त्यावर उत्तर न सापडताच हा पर्याय ठरला.

चोवीस तासांची नोंद

पहिले काम वेळेच्या नोंदीचे होते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये वेळेच्या वापराचे देशव्यापी सर्वेक्षण केले, त्यात पहाटे ४ ते दुसऱ्या दिवशी पहाटे ४ अशी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खणांत नोंद घेतली होती. मॅडमनी तोच तक्ता वहीच्या पानावर आखायला सांगितला. एक रांग स्वतःची, एक घरातल्या मोठ्या बाईची, एक घरातल्या मोठ्या पुरुषाची. शिवाय तक्ता भरण्याआधी एक अंदाज लिहून पाठवायचा : घरकामाला आईचे किती तास जात असतील आणि वडिलांचे किती?

या अंदाजाची अट फार महत्त्वाची ठरली. आकडा आधी सांगितला असता तर सगळ्यांनी ‘माहीतच होतं’ म्हटले असते. अंदाज लिहून दिलेला असल्यामुळे, विशेषतः मुलांना, आपण किती कमी धरले होते ते आलेखात दिसले. त्याशेजारी मॅडमनी देशाचा आकडा ठेवला : २०१९ मध्ये घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता आणि असे काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. हे करणाऱ्या पुरुषांचे प्रमाणच मुळात २६ टक्के होते, स्त्रियांचे ८१ टक्के.

चर्चा तापली. एका मुलाने लिहिले की माझे वडील दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबतात, त्यांना रिकामटेकडे का ठरवता? मॅडमनी त्याला गप्प केले नाही. तक्त्यात कमाईच्या कामाचा वेगळा रकाना आहे, तो दाखवून दोन्ही बेरजा शेजारी मांडायला लावल्या. त्याच्याच तक्त्यात आईही रोजाने रानात जात होती, आणि तिच्या दोन्ही रकान्यांची बेरीज वडिलांपेक्षा जास्त निघाली. ती बेरीज त्याने स्वतः केली होती.

दुसरा प्रश्न एका मुलीचा होता आणि तो त्याहून खोल गेला. आई हापशावरून पाणी आणते, तो वेळ २९९ मिनिटांत धरलेला आहे का? मॅडमनी वर्गीकरण तपासले. पाणी आणि सरपण आणणे त्या वर्गीकरणात घरकामात मोडत नाही; ते ‘स्वतःच्या वापरासाठी वस्तूंचे उत्पादन’ या वेगळ्या गटात जाते. म्हणजे २९९ च्या बाहेर. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीने सरकारी आकड्याकडे पाहून ‘यात काय धरले, काय सोडले?’ असे विचारावे, यासाठी तर हा पेपर असतो. पाठमालेच्या कोणत्याही चाचणीने तिला इथवर आणले नसते.

याच कामात एक गोष्ट बिघडली. तक्त्यासोबत भरायच्या फॉर्ममध्ये गाव आणि घरचा व्यवसायही विचारला होता, आणि दुसरा आलेख गावनिहाय काढला गेला. एका वाडीतून एकच विद्यार्थी होता. त्याच्या वडिलांच्या रांगेत कमाईचे काम शून्य होते. ते कोणाचे घर हे गटावरच्या अनेकांना कळले. रात्री त्याचा निरोप आला, ‘मॅडम, तो फोटो काढा.’ मॅडमनी आलेख तेव्हाच काढला, दुसऱ्या दिवशी त्याला फोन केला आणि त्यानंतर नियम केला : पाचपेक्षा कमी जणांचा कोणताही गट आलेखात वेगळा दाखवायचा नाही. मोठी सर्वेक्षणे करणारे हे पथ्य पाळतातच. वर्गातल्या छोट्या मोजणीलाही ते लागते, उलट जास्तच लागते, कारण इथे सगळे एकमेकांना ओळखतात.

याच कारणाने जातीचा प्रश्न फॉर्ममध्ये घालायचा नाही असे ठरले. विभागातल्या एका सहकाऱ्याचे म्हणणे होते की जात टाळून भारतीय समाज शिकवणे म्हणजे लबाडी. त्यात तथ्य आहे. पण विषय टाळायचा नव्हता, विद्यार्थ्याला स्वतःची जात स्क्रीनवर टिपायला लावायचे टाळायचे होते. त्याऐवजी रविवारच्या वर्तमानपत्रांतल्या विवाहविषयक जाहिराती मुलांनी मोजल्या : किती जाहिराती जातीच्या मथळ्याखाली आहेत, कितींत पोटजातही आहे, नोकरीची अपेक्षा कोणाकडून आहे, रंगाची कोणाकडून. माहिती सार्वजनिक होती. त्यामुळे बोलणे मोकळे झाले आणि कोणाच्या घरावर गेले नाही.

दुर्खीमचा पाठ

पुढचा घटक ‘सामाजिक तथ्य’ हा होता. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमने १८९७ मध्ये आत्महत्येवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि अत्यंत खासगी वाटणाऱ्या घटनेचेही प्रमाण समाजाच्या घडणीनुसार बदलते हे धर्म, विवाह, युद्ध आणि शांतता यांच्या आकडेवारीवरून दाखवले. जगभर हा पाठ समाजशास्त्राच्या सुरुवातीला शिकवला जातो. तयार पाठमालेत त्यावर एक जोड्या लावण्याचा खेळ होता : डावीकडे आत्महत्येचे चार प्रकार, उजवीकडे चार प्रसंग, बरोबर जोडी लावली की टाळ्यांचा आवाज. एका प्रसंगात पीक बुडालेला कर्जबाजारी शेतकरी होता.

मराठवाड्यात, जिथे वर्गातल्या कोणाच्या घरी, कोणाच्या भावकीत अशी घटना घडलेली असू शकते, तिथे हा खेळ मुलांच्या फोनवर जाऊ द्यायचा का? मॅडमनी तो त्याच दिवशी बंद केला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय. टाळ्यांचा तो आवाज रात्री एकट्याने फोन घेऊन बसलेल्या मुलाच्या कानावर पडला असता आणि त्याचा चेहरा पाहायला समोर कोणीही नसते.

घटक वगळावा का, हा पुढचा प्रश्न. वगळला तर आपल्याच भागातले सर्वांत जिव्हाळ्याचे दुःख समजून घेण्याचे साधन मुलांच्या हातून काढून घेतल्यासारखे होईल, असे मॅडमना वाटले. म्हणून हा एकच पाठ त्यांनी प्रत्यक्ष वर्गात घेतला. आठवडाभर आधी विषय सांगितला, ज्याला बसायचे नाही त्याची हजेरी धरली जाईल असे स्पष्ट केले, फळ्यावर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून ठेवला आणि कोणालाही घरचा अनुभव विचारला नाही. बोलणे ठेवले ते प्रमाणांवर : एका माणसाची व्यथा आणि एका प्रदेशात वर्षानुवर्षे टिकून राहणारा आकडा यांची कारणे वेगवेगळ्या पातळीवर कशी शोधायची. दोन मुले आली नाहीत. एक मुलगी तास संपल्यावर बराच वेळ मॅडमपाशी थांबली. फडावर गेलेल्यांसाठी हा पाठ ध्वनिमुद्रित करून पाठवला नाही. हंगाम संपवून ते परतले तेव्हा त्यांना तो पुन्हा वर्गातच शिकवला.

‘वहीत एक कोयता लिहिलंय’

फडावर गेलेल्यांपैकी एक मुलगी धाकट्या भावाला सांभाळायला आईवडिलांबरोबर गेली होती. कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, वीज नव्हती. फोन चार्ज व्हायचा तो कारखान्याकडच्या एका टपरीवर. थेट तासांना ती कधीच येऊ शकली नाही, पण दर्जा आणि भूमिका या घटकासाठी तिने आवाजी संदेश पाठवला. ‘मॅडम, आईचं नाव मुकादमाच्या वहीत नाही. वहीत आमचं एक कोयता लिहिलंय. आई तोडती, मोळ्या बांधती, डोक्यावर वाहती, मग तिचा दर्जा कोणता म्हणायचा? अर्पित का अर्जित?’

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : अर्पित म्हणजे जन्माने किंवा नात्याने मिळालेला दर्जा, अर्जित म्हणजे स्वतः मिळवलेला. आणि ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम हंगामाआधी कोयत्यामागे उचल देतो आणि ती टनाच्या हिशेबाने फेडायची असते. लग्न झालेले असणे ही या कामात जवळजवळ पात्रताच ठरते. तेव्हा पत्नी हा नात्याचा दर्जा आणि मजूर हा कामाचा दर्जा एकाच शब्दात इतके मिसळतात की पाठ्यपुस्तकातले दोन कप्पे तिथे अपुरे पडतात. मुलीचा प्रश्न अचूक होता.

मॅडमनी तिला विचारले, हे वर्गापुढे ठेवू का? ती म्हणाली, ‘ठेवा, पण नाव नको.’ आवाज ओळखू आला असता, म्हणून संदेश लिहून काढला, कारखान्याचा आणि गावाचा उल्लेख गाळला. वर्गात चर्चा सुरू झाली तेव्हा ऊसतोडीच्या घरातली आणखी मुले बोलू लागली, जी आजवर शेवटच्या बाकावर गप्प असत. उचलीचा हिशेब, बाई आजारी पडली तर पडणारा खाडा, कोपीतला स्वयंपाक कोणी करायचा, हे त्यांनी इतरांना शिकवले. तालुक्याच्या गावात राहणाऱ्या, दुकानदारांच्या आणि नोकरदारांच्या मुलांनी यातले पुष्कळसे प्रथमच ऐकले होते.

निष्पत्ती

सत्राच्या शेवटी मॅडमनी तोच जुना प्रश्न पुन्हा विचारला. ‘डॉक्टर’ पुष्कळ कमी झाला. आशा ताई असलेली आई, पंच असलेला चुलता, शाळा सोडून टमटम चालवणारा भाऊ अशी माणसे उत्तरांत आली. सगळ्यांची उत्तरे चांगली नव्हती. काहींनी घरची हकीकत पानभर लिहिली आणि तिचा संकल्पनेशी सांधा जोडलाच नाही. अनुभव लिहिणे आणि अनुभवाकडे समाजशास्त्राच्या नजरेने पाहणे यांतले अंतर कापायला एक सत्र पुरले नाही.

फडावर गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी किमान काही कामे पाठवली. बाकीच्यांचा संपर्क तुटला, त्यातले काही परीक्षेलाही बसले नाहीत. विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत ‘टिपा लिहा’ आणि ‘व्याख्या द्या’ हेच होते. तिथे या वर्गाचा निकाल आधीच्या वर्षांपेक्षा ठळकपणे वेगळा लागला नाही.

वेगळे काय करता आले असते

संमतीचा प्रश्न दर वेळी प्रसंग आल्यावर सुटला. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना सांगायला हवे होते की तुम्ही पाठवलेले काय गटावर जाईल, काय फक्त मॅडम वाचतील, आणि दिलेले कधीही परत मागता येईल. फॉर्ममध्ये गाव आणि व्यवसाय विचारण्याची गरजच नव्हती. जी माहिती वापरायची नाही ती गोळा करू नये.

कोयत्याच्या प्रश्नावर चर्चा झाली तेव्हा तो विचारणारी मुलगी तिथे नव्हती. वर्ग काय म्हणाला हे मॅडमनी तिला नंतर थोडक्यात कळवले, पण त्यावर तिचे म्हणणे वर्गापर्यंत परत गेले नाही. खरा संवाद पूर्ण व्हायचा तर तिचे उत्तर यायला हवे होते, आठवड्याने का होईना. चर्चा एका तासात संपवण्याची वर्गाची सवय ऑनलाइन पद्धतीत सोडता आली असती.

आणि वाचायचे कोणी, हा बैठकीतला प्रश्न तसाच राहिला. सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करावे असे विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम सांगतो; शंभर नोंदी वाचून प्रत्येकाला दोन ओळींचे उत्तर देण्याचा वेळ त्यात कुठेच बसत नाही. मॅडमनी तो रात्री घरी बसून दिला, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या चोवीस तासांच्या तक्त्यात तो दुसऱ्या कोणत्या तरी रकान्यातून काढला. पुढच्या वर्षी हीच पद्धत ठेवायची तर आठवड्यातले दोन तास या वाचनासाठी अध्यापनाचे तास म्हणून धरावेत, असा अर्ज विभागाने प्राचार्यांकडे दिला आहे. त्यावर अजून निर्णय झालेला नाही.